नाशिक–मुंबई टॅक्सीत लॅपटॉपवर काम: मान आणि मळमळ

प्रश्न: आठवड्यातून दोनदा मागच्या सीटवर बसून काम करावं लागतं. मान आखडते, कसारा घाटात मळमळतं. उपाय?

गोदाकाठ: लॅपटॉप थेट मांडीवर असला की मान वाकते, दुखणं तिथूनच सुरू होतं. मांडीवर सॅक आडवी ठेवून तो १०–१२ सेंमी उचला. टॉवेलची गुंडाळी कमरेच्या खोलगट भागात. बेल्ट लावलेलाच हवा.

द्राक्षबाग: इगतपुरी सोडली की स्क्रीन बंद. डोळ्यांना अक्षरं स्थिर दिसतात, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला मात्र वळणं जाणवतात. मळमळ त्या विसंगतीची. लांबवर बघत ऐकण्याची कामं उरका.

गोदाकाठ: पुढच्या सीटवर तर लॅपटॉप उघडूच नका. एअरबॅग फुगली तर तो अंगावर आदळेल.