कोलोरॅडोत कोस्टिला काउंटीत ५ एकर घ्यावी का?

मुक्काम_ऑरोरा:
मंडळी, सॅन लुइस व्हॅलीतल्या जाहिराती बघून बघून डोकं फिरलंय, कोस्टिला काउंटीत (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) ५ एकरचा प्लॉट सेकंड हँड गाडीच्या पैशात मिळतोय. डोक्यात असं आहे की सोलर लावायचं, बोअर मारायचं, चार कोंबड्या, थोडी भाजी, आणि परत २०२० सारखं काही झालं तर सामान भरून सरळ तिकडे. बायको म्हणते आधी चार लोकांना विचार. काउंटी राहण्याजोगी आहे की नाही हे बघायचं कसं?

पाटाचं_पाणी:
थांब, पैसे देऊ नकोस अजून. आधी बोअरचं परमिट बघ. कोलोरॅडोत जमीन आपली म्हणून खालचं पाणी आपलं असं नसतं, ज्याचा हक्क जुना त्याचा नंबर पहिला. तिथल्याच सॅन लुइस गावच्या पाटाचा हक्क १८५२ चा आहे, राज्यातला सगळ्यात जुना, आणि तू आत्ता रांगेत येणार! ३५ एकरच्या आतल्या प्लॉटला बहुतेक वेळा फक्त घरातल्या वापराचं परमिट मिळतं, म्हणजे अंघोळ कर, भांडी घास, पण त्यातलं तांब्याभर पाणी बाहेरच्या मिरचीला घालायचं नाही. कोंबड्यांनाही नाही. पावसाचं साठवू म्हणशील तर २०१६ पासून घराला दोन पिंपं चालतात, मिळून ११० गॅलन.

आटपाडीची_लेक:
आणि पाऊस तरी किती, वर्षाला ७-८ इंच, आमच्या माणदेशात याच्या दुप्पट तरी पडतो आणि तरी आम्ही टँकरकडे डोळे लावून बसायचो 😄 आम्ही ऑक्टोबरात प्लॉट बघायला गेलेलो. शेजारी एक आजोबा ट्रेलरमध्ये राहतात, पिकअपवर पांढरी टाकी टाकून गावातून पाणी आणतात, सकाळी टाकीचा नळ गोठलेला, तर किटलीतलं गरम पाणी ओतत उभे होते बिचारे. आठ हजार फुटांच्या आसपास उंची आहे हो, टोमॅटो पिकेपर्यंत परत दहिवर पडतं.

केळीचं_पान (नॉर्थ कॅरोलिना):
फेमाचा (अमेरिकन सरकारचं आपत्ती खातं) रिस्क इंडेक्स, म्हणजे कुठल्या काउंटीला आपत्तीचा किती धोका ते सांगणारा आकडा, बघाल तर जपून. त्यात नुकसान मुख्यतः डॉलरात धरतात, त्यामुळे जिथे घरंच कमी ती काउंटी आपोआप सेफ दिसते. २०१८ ची 'स्प्रिंग फायर' नावाची आग याच काउंटीतल्या फोर्ट गारलँडजवळ लागली होती, लाखावर एकर जळालं. आणि 'डोंगरात आहे म्हणजे सेफ' हे तर बोलूच नका, आमच्याकडे बंकम काउंटीलाही लोक तेच म्हणायचे, २०२४ ला हेलीन चक्रीवादळ आलं आणि तिथल्याच अ‍ॅशव्हिल शहरात ५३ दिवस नळाला पिण्याजोगं पाणी नव्हतं. मी तरी आधी बाहेर पडायचे रस्ते किती आणि दवाखाना किती लांब तेच बघेन.

मुक्काम_ऑरोरा:
बापरे. ब्रोकरला विचारलं की या प्लॉटला बोअरचं परमिट कुठलं मिळेल. सकाळपर्यंत दर तासाला फोटो पाठवत होता, आता ब्लू टिक आहे पण उत्तर नाही.