कोविडमधली गुरांची मदत आणि 15 एप्रिलची रेघ

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत नेब्रास्कात येऊन आम्हाला वर्ष झालं. शेजारच्या काकांचा छोटा फीडलॉट आहे, म्हणजे गुरांना खाऊ घालून कत्तलीसाठी तयार करायची जागा. परवा कोविडचा विषय निघाला तेव्हा मी सहज म्हटलं, "तुम्हाला तर सरकारी मदत मिळाली असेल ना?" ते एकदम गप्पच झाले. तेव्हापासून मनाला रुखरुख लागली आहे. गावी बाबांना पीएम-किसानचा 2000 रुपयांचा हप्ता येतो, मग जनावरं दोन असोत की वीस. इथे गुरामागे शेकड्यात डॉलर मिळाले असं ऐकलं होतं, म्हणून बोलून गेलो. ताई, तुम्ही तेव्हा शेतकऱ्यांचे फॉर्म भरून देत होता. हे नेमकं काय होतं?

---

अरे, तू ऐकलंस ते खरं आहे, पण अर्धंच.

मे 2020 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने अर्ज घ्यायला सुरुवात केली. थेट मदतीसाठी 16 अब्ज डॉलर ठेवले होते. गुरांसाठी त्यांनी तारखेवर रेघ मारली. 15 जानेवारी ते 15 एप्रिलमध्ये विकलेल्या, कत्तलीला तयार झालेल्या जनावरामागे 214 डॉलर. 600 पौंडांच्या आतल्या वासरामागे 102. आणि 16 एप्रिल ते 14 मेमध्ये जे जनावर अजून दावणीलाच होतं, त्याच्यामागे फक्त 33.

आता एप्रिल आठव. कोलोरॅडोत ग्रीलीचा मोठा कत्तलखाना त्याच सुमारास बंद पडला, पाठोपाठ इतरही. तयार गुरांची जवळजवळ 85 टक्के खरेदी चारच कंपन्यांच्या हातात, त्यामुळे दुसरं दार ठोठावायची सोय नाही. म्हणजे खरी कोंडी रेघेच्या पलीकडे झाली आणि तिथेच दर सर्वांत कमी. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

गाई पाळून वासरं विकणाऱ्यांचं दुखणं वेगळं. त्यांची वासरं वसंतात जन्मतात आणि बहुतेक शरदात विकली जातात, म्हणून एप्रिलपर्यंत विक्री जवळपास नाहीच. समज, 120 गाई, 5 वळू, 100 वासरं. 33 च्या दराने 7,425 डॉलर, त्यातही आधी 80 टक्केच हातात. सप्टेंबरच्या दुसऱ्या फेरीत गुरामागे 55 डॉलर, पण पैदाशीच्या गाई आणि वळू वगळले. वर्षभर चारा खाणार त्या गाईच! उरल्या 100 वासरांचे 5,500. त्याच वेळी रेघेच्या आत 200 तयार गुरं विकलेल्या फीडलॉटला 42,800.

डिसेंबर 2020 च्या कायद्याने जास्तीची भर घातली, तयार जनावरामागे 63 डॉलर, तीही 16 एप्रिलनंतर दावणीला असलेल्यांसाठी. पण जानेवारीत सगळं फेरविचारासाठी थांबवलं आणि मार्चअखेरीस मोकळं केलं. बँकेचे हप्ते कोणासाठी थांबतात? शिवाय 33, 55 आणि 63 सगळं धरूनही बेरीज 151 वरच, 214 नाहीच.

या लोकांनी मदत लाटली असं आपल्या मंडळात कोणी म्हटलं, तर मला वाईट वाटतं. गुरामागे मोजायची पद्धत एकवेळ समजू शकते, तारखेची नाही. तुझ्या काकांना विचार, गुरं कधी गेली.

---

ताई, काल संध्याकाळी केक घेऊन गेलो आणि विचारलं. गाडी 20 एप्रिलची ठरली होती. ती आलीच नाही. गुरं गेली जूनमध्ये, तोवर वजन इतकं वाढलं होतं की भाव कापला. दोन महिन्यांच्या खाद्याच्या पावत्या त्यांनी अजून जपून ठेवल्या आहेत. मला दाखवल्या.