उन्हाळ्यातल्या बिअर: सुरुवात कुठून करू?

निवांत_गडी:
मी आजवर साधी लागर सोडून काही प्यायलो नाहीये, आता उन्हाळ्यापुरत्या ज्या हलक्या बिअर येतात त्या ट्राय करायच्यात, पण कडू मला झेपत नाही, आयपीए नावाची कडवट बिअर एकदा घेतली तर अर्धा ग्लास तसाच राहिला. काय घेऊ?

फेसाळ:
विटबिअर घे डोळे झाकून. बेल्जियन प्रकार आहे, गव्हाची, त्यात संत्र्याची साल आणि धने असतात, कडूपणा नावालाच. हा प्रकार जवळपास संपलाच होता, १९६६ मध्ये पिएर सेलिस नावाच्या माणसाने हूगार्डन गावात परत सुरू केला. ग्लासात गढूळ दिसली तर खराब झाली समजू नकोस, तशीच असते ती.

उगाच_एक:
+१. जर्मन हेफेवायझनपण बघ, केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो पण आत केळं नसतं हां, ती सगळी यीस्टची करामत. ओतताना शेवटचा थोडा भाग बाटलीत ठेवायचा, गोल फिरवायचा आणि मग वरून ओतायचा, तळाचं यीस्ट वर येतं. मी पहिल्यांदा जोरात हलवली होती, अर्धी टेबलावर 😂

फेसाळ:
आणि गोझ नावाची जर्मन बिअर एकदम मोठी घेऊ नकोस, आंबट-खारट असते, खरंच मीठ असतं त्यात. मला जाम आवडते, बायको म्हणते सरबत बिघडलंय.

निवांत_गडी:
विटबिअर फ्रीजमध्ये टाकली, बघू.