टाइप-सी लॅपटॉप, ४के मॉनिटर आणि ३० हर्ट्‌झवर अडकलेलं चित्र: कोणता अ‍ॅडॉप्टर घ्यावा?

निळीपाटी
लॅपटॉपला एचडीएमआय नाही, डाव्या बाजूला दोन टाइप-सी पोर्ट आहेत. मॉनिटर २७ इंची, ३८४० × २१६० (म्हणजे ४के). त्याला एक डिस्प्लेपोर्ट आणि दोन एचडीएमआय २.०. सध्या सात-इन-वन हबमधून (एका टाइप-सीतून अनेक पोर्ट देणारी डबी) जोडलाय. चित्र येतं, पण विंडोज रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो आकडा) ३० हर्ट्‌झच्या वर जाऊ देत नाही, माउसचा बाण अडखळत सरकतो. दुकानात तीन पर्याय आहेत: दुसरा हब, टाइप-सी ते एचडीएमआय अ‍ॅडॉप्टर, टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल. काय घ्यावं? शिवाय वर्गातला जुना व्हीजीए प्रोजेक्टरही याच लॅपटॉपला जोडायचा असतो.

चारलेन
टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल घ्या. कारण समजून घेतलंत तर पुढच्या खरेदीतही फसणार नाही.

टाइप-सीमध्ये वेगवान डेटाच्या चार लेन (तारांच्या जोड्या) असतात. हबला यूएसबी ३ चे पोर्ट असले की बहुतेक वेळा दोन लेन त्यांच्याकडे जातात आणि चित्रासाठी दोनच उरतात. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाने एका लेनमधून सेकंदाला ४.३२ गिगाबिट चित्र जातं, म्हणजे दोन लेनमधून ८.६४. ४के ६० हर्ट्‌झला साधारण १२.८ लागतात. म्हणून विंडोज ३० वर थांबतं. लॅपटॉप आणि हब दोन्ही डिस्प्लेपोर्ट १.४ चे असतील तर दोन लेनमधून १२.९६ मिळतात आणि ६० हर्ट्‌झ जेमतेम बसतं. दुसरं कारण हबमधली चिप. ती एचडीएमआय १.४ ची असेल तर लेन कितीही मिळोत, ४के ३० वरच राहणार.

पैसे घालण्याआधी एक चाचणी करा. रिझोल्यूशन २५६० × १४४० करा, मग सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे रिफ्रेश रेट बघा. ६० चा पर्याय दिसला तर अडचण बँडविड्थचीच (सेकंदाला किती डेटा जाऊ शकतो त्या मर्यादेचीच) आहे, मॉनिटर बिघडलेला नाही.

थेट डिस्प्लेपोर्ट केबलला चारही लेन मिळतात आणि मध्ये रूपांतर करणारी चिपच नसते. लांबी २ मीटरच्या आत ठेवा. जास्त लांब साध्या केबलवर चित्र मधूनच काळं होतं. एचडीएमआय अ‍ॅडॉप्टरच घ्यायचा झाला तर खोक्यावर ‘४के ६० हर्ट्‌झ’ असं स्पष्ट छापलेलं बघा. नुसतं ‘४के सपोर्ट’ म्हणजे बऱ्याचदा ३०.

पोर्टपारखी
केबल घेण्याआधी पोर्ट तपासा. दोन टाइप-सी सारखे दिसले तरी दोन्हींतून चित्र निघेलच असं नाही. शेजारी इंग्रजी ‘डी’च्या आकारात ‘पी’ असलेलं डिस्प्लेपोर्टचं चिन्ह किंवा थंडरबोल्टचं विजेच्या आकाराचं चिन्ह असेल तर ठीक. नुसतं बॅटरीचं किंवा यूएसबीचं चिन्ह असेल तर मॉडेलचं मॅन्युअल उघडून बघा. सध्याचा हब ज्या पोर्टात चालतो त्यातून चित्र निघतंय हे नक्की, केबल तिथेच लावा.

पोर्टातून चित्र निघतच नसेल तर साधा अ‍ॅडॉप्टर काही करू शकत नाही. मग साध्या यूएसबी डेटातून चित्र पाठवणाऱ्या डिस्प्लेलिंक चिपचा अ‍ॅडॉप्टर लागतो. त्याला ड्रायव्हर टाकावा लागतो, प्रोसेसरवर भार येतो आणि कॉपी-संरक्षित व्हिडिओ काळे दिसू शकतात. एक्सेल, वर्डला तो चालतो.

सोल्डरगन
दिशा विसरू नका. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय केबल एकाच बाजूने चालते: डिस्प्लेपोर्टचं टोक कॉम्प्युटरकडे, एचडीएमआयचं पडद्याकडे. उलट जोडणीला वेगळा, सिग्नल बदलणारी चिप असलेला अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो, आणि त्याला सहसा विजेसाठी यूएसबीची शेपटी असते. ही चूक दुकानात सर्रास होते, कारण केबल आणि कन्व्हर्टर दोन्हींची टोकं सारखीच.

प्रोजेक्टरसाठी सरळ टाइप-सी ते व्हीजीए घ्या. टाइप-सी ते एचडीएमआय आणि पुढे एचडीएमआय ते व्हीजीए अशी साखळी नको. एचडीएमआयच्या १८ नंबरच्या पिनवर ५ व्होल्ट असतात, पण हमी फक्त ५५ मिलिअँपिअरची. कन्व्हर्टरला त्याहून जास्त लागले की चित्र लुकलुकतं किंवा येतच नाही. व्हीजीएतून आवाज जात नाही, स्पीकर लॅपटॉपच्या हेडफोन जॅकला लावा. प्रोजेक्टर १०२४ × ७६८ चा असेल तर तेच रिझोल्यूशन ठेवा, नाहीतर अक्षरं पुसट दिसतात.

निळीपाटी
हब चालणाऱ्या पोर्टाशेजारी डिस्प्लेपोर्टचं चिन्ह आहे. १४४० वर ६० हर्ट्‌झ दिसतं. पण केबल लावली की चार्जर, कीबोर्ड, माउस कुठे लावायचे?

चारलेन
दुसऱ्या पोर्टात हब, आणि हबच्या पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे चार्जिंगच्या) पोर्टात चार्जर. हब स्वतःसाठी थोडी वीज राखून ठेवतो, त्यामुळे ६५ वॉटच्या चार्जरमधले पूर्ण ६५ लॅपटॉपला मिळत नाहीत. ‘स्लो चार्जर’ची सूचना आली तर कारण तेच. दुसरा पोर्ट चार्जिंग घेतो ना, तेही आधी बघा.

केबल लावूनही ३० च दिसलं तर मॉनिटरच्या मेनूत जा. काही मॉनिटरमध्ये डिस्प्लेपोर्ट १.१ की १.२ असा पर्याय असतो. तो १.१ वर असेल तर चारही लेन मिळून ८.६४ च होतात. १.२ करा, केबल काढून पुन्हा लावा आणि अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये ६० स्वतः निवडा. विंडोज जुनंच ३० धरून बसलेलं असू शकतं.