मदत हवी आहे: मोठ्या रक्तस्रावासाठी पेटीत काय ठेवावं आणि ते वापरायला कसं शिकावं?

कानस

नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहितो, म्हणजे नेमकी अडचण कळेल.

आमचं छोटं वर्कशॉप आहे, पाच माणसांचं. ग्राइंडर, पत्रा कापायचं मशीन, वेल्डिंग, ड्रिल. गेल्या महिन्यात ग्राइंडरची कटिंग डिस्क फुटली आणि तिचा तुकडा एका सहकाऱ्याच्या हाताला कोपराखाली चिरत गेला. याआधी आम्ही रक्त पाहिलं नव्हतं असं नाही, पण ते ओघळणारं. हे चिळकांड्या मारत होतं.

प्रथमोपचाराचा डबा भिंतीवर होता. त्याला कुलूप होतं, कारण चिकटपट्ट्या कोण नेतो ते कळत नव्हतं. कुलपाची किल्ली ज्याच्या जुडग्यात, तो माणूस माल आणायला बाहेर. हातोड्याने कुलूप तोडलं तर आत चिकटपट्ट्या, कापूस, जंतुनाशकाची बाटली, पोटदुखीच्या गोळ्या, थर्मामीटर आणि मुदत संपलेलं मलम. कापूस लावला, त्याचा दोन सेकंदांत लगदा झाला. शेवटी आमच्यातल्याच एकाने अंगातला शर्ट काढला, त्याचा बोळा केला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. गाडीत बसून इस्पितळात पोचेपर्यंत त्याने हात काढला नाही. सहकारी आता बरा आहे, करंगळी अजून बधिर आहे तेवढीच.

तेव्हापासून मी वाचतोय आणि डोक्याचा पार भुगा झालाय. तयार 'ट्रॉमा किट' (मोठ्या जखमांसाठीच्या पेट्या) पाहिले, कुणात चाळीस वस्तू, कुणात शंभर. निम्म्या वस्तूंची नावंही उच्चारता येत नाहीत. लहानपणी शिकलो होतो की टूर्निके (रक्त थांबवायला हातापायाला आवळतात तो पट्टा) बांधू नका, अवयव कापावा लागतो. आता जो तो म्हणतो आधी टूर्निके घ्या. यातलं खरं कोणतं? रक्त गोठवणारी पावडर म्हणतात ती घ्यावी का? आणि हे सगळं शिकायचं कसं, व्हिडिओ पाहून येतं का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

चौकस

वाचूनच पोटात गोळा आला. आमच्या घरच्या डब्यातही हेच सगळं आहे, थर्मामीटरसकट. धागा वाचत राहणार.

रात्रपाळी

मी बरीच वर्षं अपघात विभागात परिचारिका आहे. आधी एक सांगते: शर्टवाल्या दादांनी जे केलं ते शंभर वस्तूंच्या पेटीपेक्षा मोलाचं होतं. जखमेवर थेट, जोरात, न उचलता दाब. बरेच जण दर अर्ध्या मिनिटाने "थांबलं का" म्हणून बोळा उचलून बघतात आणि जमू लागलेली गुठळी सोबत उचलून टाकतात. भिजला तर वरून आणखी कापड लावा आणि त्याच जागी आणखी जोरात दाबा. आणि तोवर दुसऱ्या कुणीतरी आपत्कालीन क्रमांकावर फोन केलेला असला पाहिजे. "कुणीतरी फोन करा" असं ओरडलात तर कुणीच करत नाही. एकाकडे बोट दाखवून सांगा.

आता टूर्निके. जुनी भीती अगदीच हवेतली नव्हती. दोरी किंवा तार बांधून माणूस बैलगाडीच्या वेगाने दवाखान्यात पोचायचा, तेव्हा अवयव जायचे. पण इराक युद्धात बगदादच्या लष्करी रुग्णालयात आलेल्या जखमींचा अभ्यास झाला. शॉकमध्ये (रक्त गेल्याने शरीर कोलमडतं त्या अवस्थेत) जाण्याआधी ज्यांना टूर्निके आवळला गेला त्यांच्यातले ९० टक्के वाचले, शॉकमध्ये गेल्यावर आवळला गेला त्यांच्यातले १० टक्के. टूर्निकेमुळे म्हणून एकही हातपाय गमवावा लागला नाही. साधारण दोन तासांपर्यंत तो सुरक्षित मानतात. मांडीची मोठी धमनी तुटली तर माणूस पाच मिनिटांच्या आत जाऊ शकतो. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असतं जेमतेम पाच लिटर. तेव्हा हिशेब तुम्हीच करा.

कधी लावायचा? हाताला किंवा पायाला जखम, आणि रक्त चिळकांडीने येतंय, किंवा जमिनीवर थारोळं साचतंय, किंवा दाबूनही थांबत नाहीये. बोट कापलं म्हणून नाही. जखमेच्या वर, म्हणजे धडाच्या बाजूला, चार बोटं सोडून. गुडघ्यावर किंवा कोपरावर नाही. जखम सांध्यालगत असेल तर सांध्याच्या वर. जखम नेमकी कुठे आहे तेच दिसत नसेल तर कपड्यांवरूनच, हातापायाच्या मुळाशी जमेल तितक्या वर. फक्त खिशात मोबाईल किंवा किल्ल्या नाहीत ना ते बघा. आधी पट्टा हाताने जितका ओढता येईल तितका ओढायचा, मग पट्ट्याला जोडलेली कांडी पिळायची, रक्त थांबेपर्यंत. नंतर कांडी खाचेत अडकवायची आणि वेळ लिहायची.

आणि हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते: तो नीट आवळला तर प्रचंड दुखतो. माणूस ओरडेल, शिव्या देईल, सोडा म्हणेल. सोडायचा नाही. अर्धवट आवळलेला टूर्निके सर्वांत वाईट, कारण शिरा दबतात आणि धमनी वाहत राहते, रक्त उलट वाढतं. एकाने थांबलं नाही तर त्याच्या वर लगेच दुसरा. म्हणून पेटीत दोन ठेवा. सैल करून बघायचं काम इस्पितळाचं.

दोरखंड

ताईंशी शंभर टक्के सहमत. मी गिर्यारोहकांच्या बचाव पथकात आहे, माझी थोडी भर.

कॅट किंवा सॉफ्ट-टी या नावाचे टूर्निके घ्या, पण उत्पादकाच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच. नकली माल ढिगाने आहे आणि फोटोत फरक कळत नाही. आमच्या एका मित्राने स्वस्तातले चार मागवले होते. सरावात दुसऱ्याच पिळ्याला कांडी वाकली. ती सरावात वाकली हे नशीब. सरावासाठी निळा, प्रत्यक्षासाठी काळा किंवा नारिंगी, असे वेगवेगळे मिळतात. शंभर वेळा पिळलेला निळा पेटीत ठेवू नका.

पट्ट्याने, दोरीने, ओढणीने भागेल असं कुणी म्हणेल. २०१३ च्या बॉस्टन मॅरेथॉनच्या स्फोटांत लोकांनी जे टूर्निके बांधले ते सगळे जुगाडाचे होते आणि त्यांच्या उणिवांवर नंतर डॉक्टरांनी बरंच लिहिलं. कमरेचा पट्टा पिळता येत नाही, तो जाड असतो आणि बकलापाशी फट राहते. काहीच नसेल तर रुंद कापड आणि पिळायला घट्ट काठी. पण हातात काहीच नसताना सर्वांत खात्रीचं म्हणजे शर्टवाला उपायच, दोन्ही हातांचा दाब.

दुसरी गोष्ट, जिथे टूर्निके बसतच नाही अशा जागा: जांघ, काख, मानेचा बुंधा. तिथे जखमेत गॉज (जाळीदार सुती पट्टी) ठासून भरावं लागतं. वर ठेवायचं नाही, आत. बोटाने खोलात जाऊन, जिथून रक्त येतंय तिथपर्यंत, घडीवर घडी कोंबत, पोकळी भरेपर्यंत आणि मग वरून पूर्ण वजन टाकून दाब. साधं गॉज असेल तर निदान दहा मिनिटं, रक्त गोठवणारं असेल तर तीन. घड्याळ लावा, कारण त्या वेळी एक मिनिट दहासारखं वाटतं. छातीत आणि पोटात मात्र कधीच कोंबायचं नाही.

पावडर घेऊ नका. सुरुवातीच्या क्विकक्लॉट नावाच्या पावडरीत झिओलाइट या खनिजाचे दाणे असायचे, ते ओले झाले की तापायचे आणि भाजायचं. आता त्याच नावाचं केओलिन (एक प्रकारची माती) लावलेलं गॉज येतं, ते तापत नाही. सेलॉक्स म्हणून दुसरं आहे, त्यात कायटोसान असतं. दोन्ही चांगली. पण गॉजने जादू होत नाही. दाब नसेल तर महागडं गॉजही तुमच्या कापसासारखंच भिजतं.

अवांतर: टूर्निके हाताशी आहे म्हणून सर्पदंशावर बांधू नका. तिथे तो उपाय नाही, उलट नुकसान करतो. ट्रेकवर दर वेळी कुणीतरी हे विचारतंच.

कानस

बापरे, इतकं कुणी एका ठिकाणी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

मग पेटीत नेमकं काय? मी केलेली यादी अशी: दोन टूर्निके, दोन प्रेशर बँडेज (इस्रायली बँडेज म्हणतात ती), गोठवणारं गॉज एक, साध्या गॉजचे चार रोल, नायट्राइलचे हातमोजे, कपडे कापायची बोथट टोकाची कात्री, चंदेरी ब्लँकेट, मार्कर. याशिवाय नाकात घालायची नळी, छातीत टोचायची सुई आणि चेस्ट सील (छातीच्या जखमेवर चिकटवायचं झाकण). शेवटची तीन तयार किटमध्ये होती.

रात्रपाळी

शेवटच्या तिघांपैकी नळी आणि सुई आत्ताच काढून टाका. ज्याला ती वापरायचं प्रशिक्षण आहे त्याच्याच हातात ती शोभते. पेटीत सुई असली की घाबरलेला माणूस ती वापरून बघतो.

चेस्ट सीलबद्दल मतं वेगवेगळी आहेत. छातीला आरपार भोक पडलं आणि श्वासागणिक हवा आत-बाहेर होत असेल तर झडप असलेलं सील लावतात. पण सील लावल्यावर श्वास आणखी बिघडला, तर आत हवा कोंडून फुफ्फुस दाबलं जातंय असं समजून ते उचलावं लागतं. हे ओळखता येत नसेल तर जखम उघडी ठेवलेली बरी. आधी शिका, मग घ्या.

चंदेरी ब्लँकेट नुसतं शोभेचं समजू नका. रक्त गेलेला माणूस झपाट्याने गार पडतो आणि गार रक्त नीट गोठत नाही. ओले कपडे काढा, अंगाखालीही काहीतरी घाला, कारण जमीन वरच्या हवेपेक्षा जास्त ऊब खेचते. वर ब्लँकेट. प्यायला काही देऊ नका, कदाचित लगेच शस्त्रक्रिया लागेल.

वर्कशॉपसाठी दोन गोष्टी. एक, काही घुसलेलं असेल, सळई, पत्रा, डिस्कचा तुकडा, तर ओढून काढायचं नाही. तेच बूच असतं. बाजूने गॉज रचून ते हलणार नाही असं बांधा. दोन, बोट तुटून पडलं तर ते बर्फात टाकू नका. ओलसर स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. मी थेट बर्फात आलेली बोटं पाहिली आहेत, ती जोडायला कठीण जातात.

चिकटपट्ट्या, मलम वगैरेंचा डबा वेगळा ठेवा. त्याला हवं तर कुलूप लावा. याला नको.

लाकूडतोड्या

चेनसॉ वापरणारा. माझी पेटी कमरेला असते, कारण झाड अंगावर पडलं तर गाडीतली पेटी गाडीतच राहते. टूर्निके प्लास्टिकच्या आवरणातून काढून, पट्टा ओवून, एका हाताने घालता येईल असा ठेवतो. रक्ताने बरबटलेल्या बोटांनी ते प्लास्टिक फाटत नाही, करून बघा. मात्र उन्हात टांगून ठेवू नका, प्लास्टिक ठिसूळ होतं. हातमोजेही उष्णतेने चिकटतात.

दोरखंड

शिकण्याबद्दल राहिलंच. व्हिडिओ पाहून क्रम कळतो, हात बसत नाही. अमेरिकेत २०१५ मध्ये 'स्टॉप द ब्लीड' मोहीम सुरू झाली. तिचा वर्ग तास-दीड तासाचा असतो आणि आता तो अनेक देशांत होतो. तिथे खोट्या जखमेत गॉज कोंबायला देतात आणि टूर्निके स्वतःवर लावायला लावतात. तेवढं तरी पाचही जणांनी करा. एकट्याने शिकून उपयोग नाही. जखमी तुम्हीच झालात तर?

घरी सराव करायचा तर जाड स्पंजच्या तुकड्यात तीन बोटं जातील एवढं भोक पाडा आणि त्यात गॉज भरा. पहिल्यांदा वाटतं अर्धा रोल पुरेल. पुरत नाही. टूर्निके डाव्या हाताने उजव्यावर, मग अंधारात, मग हातमोज्यांवर तेल चोपडून. एकमेकांवर आवळताना मनगटाची नाडी जाईपर्यंत आवळा आणि लगेच सोडा, त्यापलीकडे धरून ठेवू नका.

कानस

काल पाचही जण बसलो. अपडेट देतो.

पहिल्या फेरीत एकालाही मिनिटाच्या आत जमलं नाही. माझ्या वेलक्रोची टोकं एकमेकांना चिकटली आणि ती सोडवण्यात मीच सर्वांत मागे. सर्वांत जलद कोण, तर तोच शर्टवाला. ज्याच्या हाताला लागलं होतं त्याने लावून घ्यायला साफ नकार दिला, पण दुसऱ्यावर लावला, आणि कांडी पिळताना त्याच्या कपाळावर घाम होता. आम्ही कुणी काही बोललो नाही.

पेटी दरवाज्यापाशी, डोळ्यांच्या उंचीवर, कुलपाशिवाय लावली आहे. वर्गासाठी नावं दिली आहेत.

एकच अडचण. चौथ्या फेरीत वेळ लिहायला गेलो तर मार्कर सुकलेला, आणि नवा घेतला तर तेलकट कातडीवर उमटेना. अशा वेळी वेळ लिहायची कुठे?

रात्रपाळी

टूर्निकेवर त्यासाठी पांढरी पट्टी असते, तिथे लिहा. कपाळ पुसून तिथे लिहिलं तरी चालतं, आम्हाला लगेच दिसतं. तेही नाही जमलं तर मोबाईलवर टूर्निकेचा फोटो काढा, फोटोत वेळ नोंदलेली असते. आणि मार्कर दोन ठेवा, टोपणं वर्कशॉपमध्ये फार काळ टिकत नाहीत.