मदत हवी आहे: पेशंटच्या तोंडची इंग्रजी क्रियापदं कशी शिकावीत?

रातपाळी:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी जीएनएम (नर्सिंगचा पदविका कोर्स) झालेली स्टाफ नर्स. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अकरा वर्षं वॉर्डात आहे. बारावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमातून. इंग्लंडला नर्स म्हणून जायचं ठरवलंय, त्यासाठी ओईटी, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा, द्यायची आहे. ऐकणं, वाचणं, बोलणं यांत बी म्हणजे किमान ३५० आणि लिहिण्यात सी प्लस म्हणजे किमान ३०० गुण पडले की तिथली नर्सिंग कौन्सिल ते धरते. वाचणं-लिहिणं जमतंय. अडतंय ते ऐकण्यात आणि बोलण्यात, आणि दोन्हीकडे एकाच जागी.

ऐकण्याच्या पहिल्या भागात पेशंटशी चाललेलं बोलणं ऐकता ऐकता नोंदींतल्या गाळलेल्या जागा भरायच्या असतात. ध्वनिफीत एकदाच वाजते. सरावाच्या एका संवादात बाई म्हणाली, "आय कान्ट कीप एनिथिंग डाउन." मला वाटलं, हिला खाली काही ठेवता येत नाही, म्हणजे वाकता येत नाही, म्हणजे कंबर. पुढच्या सगळ्या जागा मी कंबरेच्या हिशेबाने भरल्या. ती सांगत होती की पोटात काही ठरत नाही, खाल्लेलं सगळं उलटून पडतंय.

दुसऱ्या संवादात एक आजोबा "पास्ड आउट" म्हणाले. आपल्याकडे पासआउट म्हणजे कोर्स पूर्ण केलेला. आजोबा बेशुद्ध पडले होते.

व्हॉमिटिंग, सिंकोपी (बेशुद्ध पडणं), डिस्युरिया (लघवीला त्रास) हे शब्द मला झोपेत विचारले तरी सांगेन. घात करतात ते कम, गो, पुट, टेक, गेट, ब्रिंग, पास, रन हे पाचवीत शिकलेले शब्द. एका क्लासने क्रियापद आणि त्याच्या मागचा छोटा शब्द अशा चारशे जोड्यांची यादी दिली होती, एबीसीडीच्या क्रमाने, प्रत्येकीपुढे एक मराठी अर्थ. 'गो डाउन'पुढे 'कमी होणे' होतं. ते पाठ केलं. मग ऐकलं, "शी हॅज गॉन डाउन विथ फ्लू." मी लिहिलं, फ्लू कमी झाला. तिला तो नुकताच झाला होता.

बोलण्यातही तेच. सरावात मी पेशंटला म्हणाले, "आय विल रिमूव्ह युअर ब्लड." मनात होतं 'रक्त काढते हं', जे मी दिवसातून वीसदा म्हणते. समोर पेशंट झालेल्या मॅडम क्षणभर बोलल्याच नाहीत. खऱ्या पेशंटच्या पोटात गोळा आला असता.

आणि हे मला नुसतं परीक्षेपुरतं नकोय. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एक आजी होत्या. त्या परप्रांतातून आलेल्या नव्या डॉक्टरांना सांगत होत्या, "तोंड आलंय हो, गिळवत नाही." डॉक्टर चांगले, मराठी शिकायची धडपड करणारे. त्यांना 'तोंड' कळलं, 'आलंय' कळलं, पण दोन्ही मिळून काय ते कळेना. मी शेजारी होते, म्हणून टॉर्च लावून आजींच्या जिभेवरचे फोड दाखवले. उद्या तिथल्या वॉर्डात त्या डॉक्टरांच्या जागी मी असणार आहे, आणि शेजारी सांगायला कुणी असेलच असं नाही.

तर जाणकारांनी सांगावं: या जोड्यांना काही नियम असतो का? यादी पाठ करण्याखेरीज दुसरी वाट आहे का? परीक्षेला अजून साडेतीन महिने आहेत.

खडूफळा:

ताई, एकतीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

तुमच्याच धाग्यातलं एक वाक्य घेतो: "ओईटी द्यायची आहे." मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि मास्तर घेतो. इंग्रजीत बरोबर उलट: विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो, मास्तर ती 'गिव्ह' करतात. पण श्वास घेणे, गोळी घेणे, काळजी घेणे, शपथ घेणे या चारही ठिकाणी इंग्रजीत टेकच येतं, आपल्यासारखं. म्हणजे 'घेणे म्हणजे टेक' हे चारदा खरं ठरून पाचव्यांदा दगा देतं. चूक शब्दाच्या अर्थात नाही, एका शब्दाला एक अर्थ चिकटवण्यात आहे.

आता आपलं 'काढणे' बघा. रक्त काढतो, टाके काढतो, फोटो काढतो, तिकीट काढतो, कर्ज काढतो, झोप काढतो, विषय काढतो, दिवस काढतो. तुम्ही धागाही काढलात. या सगळ्यांत सामाईक काय, हे मला कुणी विचारलं तर फळ्यासमोर तासभर उभा राहीन, नियम सांगता येणार नाही. तरी तुमची कधी चूक होत नाही, कारण तुम्ही 'काढणे' वेगळं शिकलाच नाहीत. 'तिकीट काढणे' हा एकच शब्द असल्यासारखा कानावर पडला आणि तसाच बसला. इंग्रजीतही फोटो टेक करतात, टाके टेक आउट करतात, कर्जही टेक आउट करतात, पण तिकीट गेट किंवा बाय करतात. तुमचं रक्त म्हणजे 'टेक ब्लड'. "आय नीड टु टेक सम ब्लड फ्रॉम यू" म्हणा, कुणी दचकणार नाही.

या संगतीचा अभ्यास नवा नाही. टोकियोत इंग्रजी शिकवणारे हॅरल्ड पामर यांनी १९३३ साली अशा ठरीव जोड्यांचा मोठा अहवाल छापला. जपानी मुलांची अडचण तुमच्यासारखीच होती, सुटे शब्द येत पण जोडता येत नसत. पुढे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते हा विचार मांडला. हे फर्थ १९२०च्या दशकात लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते. मला ही गोष्ट फार जवळची वाटते, कारण हा प्रश्न मुळात आपल्यासारख्यांना शिकवतानाच नीट दिसतो.

नियम विचारलात. अर्थाचा पक्का नियम नाही. रचनेचा एक आहे, तो मात्र पाठ करा. ड्रेसिंग काढायचं असेल तर "टेक ऑफ द ड्रेसिंग" आणि "टेक द ड्रेसिंग ऑफ" दोन्ही चालतात. पण ड्रेसिंगच्या जागी 'इट' आलं की ते मध्येच बसलं पाहिजे: "टेक इट ऑफ." 'टेक ऑफ इट' कधीच नाही. उलट 'लुक आफ्टर' किंवा 'गेट ओव्हर' यांना मध्ये काही खपत नाही: "लुक आफ्टर हर", "गेट ओव्हर इट". कुठली जोडी फुटते आणि कुठली नाही, हे शब्दकोशात दिलेलं असतं.

दुसरं, पुस्तकी शब्द तुम्हाला का येतात आणि घरगुती का नाही? इंग्रजीतले जाडे शब्द बहुतेक लॅटिन, ग्रीक, फ्रेंचमधून आले. घरातले शब्द जुन्या बोलीतले. टेक आणि गेट तर स्कॅंडिनेव्हियातून इंग्लंडात येऊन वसलेल्या लोकांचे. आपल्याकडे वैद्य 'वमन' लिहितो आणि पेशंट 'उलटी' म्हणतो, तसंच हे. तुम्ही वैद्याची भाषा शिकलात, आता पेशंटची शिकायची आहे.

वॉर्ड चौदा:

रातपाळी ताई, मी कोल्हापूरची, उत्तर इंग्लंडात सहा वर्षं मेडिकल वॉर्डात. तुमचा धागा वाचताना माझे पहिले तीन महिने आठवले.

सरांनी पाया सांगितलाच आहे, मी वॉर्डातलं सांगते. ती चारशेची यादी बाजूला ठेवा. एक वही घ्या, क्रियापदाच्या क्रमाने नको, तपासतो तशी पाडा: पोट, छाती, डोकं, हाडं, लघवी-संडास, झोप, मन. प्रत्येक पानावर आधी आपल्या पेशंटचं मराठी वाक्य लिहा आणि त्याच्यासमोर तिथला पेशंट काय म्हणेल ते पूर्ण वाक्य. माझ्या वहीतलं पोटाचं पान सांगते. अन्नावरची वासना उडालीय: "आय हॅव गॉन ऑफ माय फूड." रात्रभर उलट्या होताहेत: "आय हॅव बीन थ्रोइंग अप ऑल नाइट." पोटात काही ठरत नाही, ते तुम्हाला आता जन्मात चुकणार नाही.

इतर पानांवरचं थोडं: अंगावर पुरळ उठलं, "आय केम आउट इन अ रॅश." गुडघा कुरकुरतोय, "माय नी इज प्लेइंग अप." शुद्धीवर आलो, "आय केम राउंड." इथे आपलं 'येणे' आणि त्यांचं 'कम' जुळलं. पण तोंड येणे, डोळे येणे, पायाला मुंग्या येणे यांत कुठेच कम नाही. तोंड आलं तर माउथ अल्सर्स 'असतात' आणि मुंग्या म्हणजे पिन्स अँड नीडल्स, त्या 'गेट' होतात.

'उतरणे' असंच घ्या. ताप उतरला, सूज उतरली, भूल उतरली, आपल्याला एक क्रियापद पुरतं. त्यांचा ताप 'कम्स डाउन', सूज 'गोज डाउन', भूल 'वेअर्स ऑफ'. आणि तुमच्या फ्लूचा घोळ एका शब्दाने सुटतो: मागे 'विथ' आहे का ऐका. आजारी माणूस 'गोज डाउन विथ' काहीतरी, सूज नुसतीच 'गोज डाउन'. कान शेवटच्या छोट्या शब्दावर ठेवायचा.

पहिल्याच आठवड्यात लागतील ती दोन. शौचाला झालं का, हे विचारायची रीत आहे, "हॅव यू ओपन्ड युअर बॉवेल्स टुडे?" मी 'पोट साफ झालं का'चं शब्दशः भाषांतर करून एका आजींना विचारलं होतं. त्यांनी मला त्या सकाळी आंघोळ केल्याचं सांगितलं. आणि 'डू युअर ऑब्स' म्हणजे बीपी, नाडी, ताप, ऑक्सिजन सगळं बघणं. नर्स "आय ॲम जस्ट गोइंग टु डू युअर ऑब्स" म्हणते, तुमच्या "बीपी बघते हं, आजी"सारखंच मायेनं. बेडवर बसा याला "पॉप अप ऑन द बेड फॉर मी" म्हणतात. हे 'पॉप' तुम्हाला कुठल्याच यादीत मिळणार नाही, आणि दिवसभर कानावर पडेल.

दुपारचा चहा:

एक भर घालतो. ऑक्सफर्डचा २००२ साली निघालेला कलोकेशन्सचा, म्हणजे एकमेकांच्या संगतीने येणाऱ्या शब्दांचा, कोश ग्रंथालयात मिळाला तर बघा. त्यात क्रियापद शोधायचं नाही, नाम शोधायचं. टेम्परेचर उघडलं की त्याच्याबरोबर चालणारी क्रियापदं ओळीने मिळतात. आपल्याला नाम माहीत असतं, अडतं ते क्रियापदावर, म्हणून हा उलटा क्रम फार सोयीचा. शिवाय ब्रिटिश नॅशनल कॉर्पस हा दहा कोटी शब्दांचा साठा ऑनलाइन शोधता येतो. शंका आली की जोडी टाका आणि खऱ्या वाक्यांत येते का बघा. 'रिमूव्ह' आणि 'टेक' दोन्ही 'ब्लड'बरोबर टाकून बघाल तर फरक लगेच दिसेल.

रातपाळी:

सगळ्यांचे मनापासून आभार. सर, 'काढणे'वरचं वाचून मी ड्युटीवर स्वतःचंच बोलणं ऐकायला लागले. एका रात्रीत आठ वेगवेगळी 'लावणे' सापडली: सलाईन लावलं, ऑक्सिजन लावला, मलम लावलं, दार लावलं, फोन लावला, पंखा लावला, नंबर लावला, वाट लावली. सलाईन पेशंटला 'पुट ऑन' करत नाहीत, पेशंटला ड्रिपवर ठेवतात, "वी पुट हिम ऑन अ ड्रिप", हे कोशात बघून वहीत लिहिलं.

वॉर्ड चौदा, तुमच्या पद्धतीने वही केली. आठवडाभरात छाती आणि पोट झालं. वाक्यं मी पेशंट बोलतात तशीच उतरवली, 'छातीत भरून आलंय', 'दम लागतोय', 'कफ सुटत नाही'. समोरचा रकाना भरताना प्रत्येक वाक्याला कुणाचा तरी चेहरा आठवतो, म्हणून लक्षात राहतंय. क्लासच्या यादीने असं कधी झालं नाही.

पण एका वाक्यासमोरचा रकाना रिकामा आहे, आणि ते आमच्या वॉर्डात सगळ्यांत जास्त ऐकू येतं. काल चौपन्न वर्षांच्या एक काकू आल्या. छातीत गाठ, सात महिन्यांपासून. का नाही दाखवलं विचारलं तर म्हणाल्या, "मुलीचं लग्न होतं, अंगावर काढलं." हे इंग्रजीत कसं सांगू? सरावाच्या रोल-प्लेमध्येही उशिरा आलेला पेशंट असतोच.

वॉर्ड चौदा:

ताई, याला एक शब्द नाही, मी पुष्कळ शोधला. 'अंगावर काढणे' यात दोन गोष्टी आहेत, सोसणं आणि डॉक्टरकडे जाणं लांबवणं, आणि इंग्रजीत त्या फुटतात. दुखणं सोसलं ते "शी पुट अप विथ इट." दाखवणं लांबवलं ते "शी पुट ऑफ सीइंग अ डॉक्टर." दोन्हीकडे पुट, म्हणून शेवटचे शब्द नीट म्हणा. तुमच्या काकूंना गाठ दुखत नसेल तर पहिलं लागू नाही, फक्त दुसरं. त्यांना दुखतंय का हे आधी विचारावं लागेल, मराठीत विचारायची वेळच येत नाही.

आणि रोल-प्लेमध्ये "व्हाय डिड यू पुट इट ऑफ?" असं सरळ विचारू नका, तो जाब वाटतो. "वॉज देअर एनिथिंग दॅट मेड इट हार्ड टु कम इन?" असं विचारा. मुलीचं लग्न पेशंट मग आपणहून सांगतो.

काकूंचं काय झालं ते कळवा.

रातपाळी:

गाठ दुखत नव्हती. बायोप्सीला पाठवलंय, रिपोर्ट गुरुवारी. दोन्ही वाक्यं वहीत लिहिली, समोरासमोर, आणि दोन्हींत पुटच्या मागचा शब्द लाल पेनाने.