शाफ्टच्या गाडीला मागे १८० चा टायर: करावं की सोडावं?

धागाकर्ता, घोडबंदर रोड
माझी मोटो गुझी व्ही-९ बॉबर, सेकंडहँड घेतलेली. मागे १५०/८०-१६ टायर आहे, म्हणजे रुंदी १५० मिमी, उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १६ इंची. मला १८०/६५-१६ हवाय. उंची जवळपास तीच राहते, व्यास फक्त ६ मिमीने कमी होतो. चेनच्या गाडीला स्प्रॉकेटमागे (चेनच्या दातेरी चक्रामागे) स्पेसर, म्हणजे जाड चकती टाकून चेन बाहेर घेता येते. इथे चेनऐवजी चाक फिरवणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, स्विंगआर्मच्या (मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या सांगाड्याच्या) नळीतूनच जातो, त्यामुळे ती सोय नाही. वागळे इस्टेटमधले एक टर्नर म्हणाले, स्विंगआर्मचा दुसऱ्या बाजूचा हात कापून रुंद करू आणि चाक तिकडे सरकवू. मी करावं या मताचा आहे. बीएमडब्ल्यू आर-१८ शाफ्टचीच आहे आणि तिला हाच टायर कंपनीकडून येतो. मग शाफ्टला रुंद टायर चालत नाही, हे कशावरून?

लेथवाला, रबाळे
माझा पूर्ण विरोध. आर-१८ ची चौकटच त्या टायरभोवती आखलेली आहे. तुमचा हिशोब बघा. टायर ३० मिमीने वाढला, म्हणजे दोन्ही बाजूंना १५-१५. नळीच्या बाजूला ते १५ आणायचे कुठून? चाक सरकवलंत तर मागचं चाक पुढच्याच्या रेषेत राहत नाही. हँडल सोडून बघा, गाडी एका बाजूला जाईल. शिवाय चाक बेव्हल बॉक्समध्ये, म्हणजे शाफ्टचा जोर चाकाकडे वळवणाऱ्या गिअरच्या डब्यात, दातांनी अडकतं. मध्ये स्पेसर घातलात की दात कमी आत बसतात आणि सगळा जोर त्या उरलेल्या टोकांवर येतो. चेन तुटली तर चेन बदलता येते, इथे अख्खा बॉक्स जातो.
आणि गुझीचंच उदाहरण घ्या. २०२१ मध्ये व्ही-७ चा मागचा टायर १३० वरून १५० केला, तेव्हा त्यांनी स्विंगआर्म बदलला आणि बेव्हल बॉक्सही मोठा दिला. २० मिमीसाठी!

ऐरोलीकर
लेथवाले दादा, वेल्डिंगला इतकं घाबरायचं कारण नाही. जिगवर (पकडून ठेवणाऱ्या साच्यावर) घट्ट बांधून चांगल्या माणसाने केलं तर स्विंगआर्म वाकत नाही. आपल्याकडे टीटीसी औद्योगिक पट्ट्यात याहून अवघड कामं रोज होतात. धागाकर्ते, हौस दाबू नका. फक्त रिमचे पैसे आधीच धरा. १८० ला पाच-साडेपाच इंची रिम लागते, अरुंद रिमवर चढवला तर टायर फुग्यासारखा गोल होतो आणि कडा वापरातच येत नाहीत.

पाम बीचवाली
मी चेनच्या गाडीवर हा प्रयोग केला होता. पाम बीचवर सरळ जाताना मस्त वाटायचं. गायमुखच्या वळणांवर मात्र गाडी झुकायलाच तयार नाही, दोन्ही हातांनी रेटायला लागायची. टायर रुंद असला की त्याच वळणाला जास्त झुकवावं लागतं. जुलैत साचलेल्या पाण्यावरून मागचं चाक तरंगल्यासारखं व्हायचं. दीड महिन्यात जुना टायर परत चढवला. नका करू.

वाशीकर
कायद्याचं कुणी बोललंच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कापलेला स्विंगआर्म अपघातानंतर विमावाल्याच्या सर्व्हेअरला दिसणारच.

धागाकर्ता
आज गाडी मेन स्टँडसारखी उचलून धरली आणि चाक हाताने फिरवून बघितलं. टायर आणि नळीच्या मध्ये करंगळी जेमतेम जाते. १८० तिथे कापाकापीशिवाय बसत नाही, हे मान्य, आणि स्विंगआर्मला मी हात लावणार नाही. पण १६० चं काय? बाजूला पाचच मिमी लागतात.

लेथवाला, रबाळे
पाच कागदावर. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर शेजारी ठेवून कॅलिपर (जाडी-रुंदी मोजायचं साधन) लावा, रुंदीत फरक दिसेल. त्यात वेगात टायर थोडा फुगतो, वर सस्पेन्शनची हालचाल. आधी टायर रिमवर चढवून हवा भरून मोजा, मग गाडीला लावायचं बोला. कॅलिपर माझ्याकडे आहे, रविवारी या.

ऐरोलीकर
मीही येतो. जागा निघाली तर १६० चढवायचाच.